लाकूड पाण्यात उतरवण्यापूर्वी: मत्स्यालयाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मत्स्यालयाच्या मांडणीविषयी लिहिताना ‘लाकूड नीट तयार करून मगच टाकीत ठेवावे’ असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत; आणि ते रास्तच आहे, कारण ‘नीट तयार करून’ म्हणजे नेमके काय करून, हे सांगायचे राहूनच गेले होते. पत्रांवरून असे दिसते की लाकूड घासून-पुसून स्वच्छ केले की ते तयार झाले, अशी बहुतेकांची समजूत आहे. घासणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. लाकडाच्या आत भरलेली हवा निघून तिच्या जागी पाणी शिरणे आणि पाण्यात विरघळणारी द्रव्ये टाकीबाहेरच सुटून जाणे, याला मात्र दिवस आणि आठवडे लागतात. खालील उत्तरे त्या दृष्टीने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न: पूर ओसरल्यावर नदीच्या पात्रात अडकलेली, फाटे फुटलेली एक सुंदर मुळी मला मिळाली आहे. झाड कोणते ते ओळखता येत नाही. ती मत्स्यालयात चालेल का?

उत्तर: झाडाचे नाव कळले तर उत्तमच, पण ते न कळताही बरेच काही पारखता येते. पहिली परीक्षा नखाची. मुळीच्या जाड भागावर अंगठ्याचे नख जोराने दाबून पाहावे. नख सहज रुतले, भुगा सुटला किंवा आतून ओलसर तपकिरी लगदा दिसला, तर लाकूड कुजलेले आहे आणि पाण्यात ते आणखी वेगाने विरघळत जाईल. एखादेच टोक भुसभुशीत असेल, तर टणक भाग लागेपर्यंत ते करवतीने कापून टाकावे. मोठ्या मुळीत कूज आत दडलेली असू शकते, म्हणून जाड भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा. टणक लाकूड खणखणीत वाजते आणि पोकळ किंवा कुजका भाग बद्द वाजतो.

दुसरी परीक्षा वासाची, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची. एका टोकाचा बोटभर तुकडा कापून ताजा छेद नाकाजवळ न्यावा. वर्षानुवर्षे ऊन-पाणी खाल्लेल्या लाकडाला मातीसारखा मंद वास येतो किंवा काहीच वास येत नाही. टर्पेंटाइनसारखा राळेचा वास आला, तर ते पाइन, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षाचे असण्याची शक्यता आहे. त्यातील राळ पाण्यात हळूहळू उतरत राहते, म्हणून ते घेऊ नये. सालीखाली हिरवा थर दिसला किंवा छेदाला बोट चिकटले, तर लाकूड अजून ताजे आहे आणि त्यात चीक व साखर शिल्लक आहे. डांबर, डिझेल किंवा औषधफवारणीचा वास आला, तर पुढे विचारच करू नये. पात्राच्या वरच्या बाजूला कारखान्याचे किंवा गटाराचे पाणी येऊन मिळत असेल, तर वास आला नाही तरीही तेथले लाकूड टाळणे शहाणपणाचे.

ताज्या आणि अनोळखी लाकडाबाबत मी ठामपणे नकार देईन. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते; शेर आणि त्याच्या कुळातील झाडांचा चीक त्वचेला व डोळ्यांना भाजतो. असे लाकूड पाण्यात गेले तर मासे धोक्यात येतात, आणि ते घरात उकळले तर माणसेही. आपली मुळी मात्र जुनी, निर्गंध आणि टणक असेल, तर ती बहुधा चालेल. संरक्षित जंगलातून किंवा खाजगी जागेतून लाकूड उचलण्यापूर्वी परवानगीची चौकशी मात्र करावी.

घरी आणल्यावर साल असेल तेवढी सोलून काढावी. साल सर्वांत आधी कुजते, तिचे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकतात आणि तिच्याखाली किडे घर करतात. मग ताठ ब्रशने, फटींमधली माती टोकदार काडीने काढत, वाहत्या पाण्याखाली घासावे. साबण किंवा भांडी घासण्याची पावडर वापरू नये. लाकूड ती शोषून घेते आणि नंतर टाकीत सोडते. माशांच्या पंखांना लागतील अशी अणकुचीदार टोके कानशीने बोथट करावीत.

प्रश्न: लाकूड उकळावे की नुसते भिजत ठेवावे? आणि किती वेळ? कोणी एक तास सांगतात, कोणी एक महिना.

उत्तर: दोन्ही सांगणारे बरोबर असू शकतात, कारण हाताच्या बोटाएवढी फांदी आणि मांडीएवढा ओंडका यांना एकच वेळ लागणार नाही. उकळण्याने आणि भिजवण्याने नेमके काय होते ते कळले, की वेळ आपला आपल्याला ठरवता येतो.

वाळलेले लाकूड हा अतिशय बारीक नळ्यांचा जुडगा असतो आणि त्या नळ्यांत हवा भरलेली असते. नळ्यांच्या भिंती ज्या द्रव्याच्या बनलेल्या असतात, त्याची घनता जवळजवळ सर्व झाडांत सारखीच, म्हणजे पाण्याच्या सुमारे दीडपट असते. बाल्साचे हलके लाकूड तरंगते आणि मोपानी या आफ्रिकी झाडाचे जड लाकूड बुडते, याचे कारण त्यांच्यातील पोकळीचे प्रमाण वेगळे असते, एवढेच. म्हणून पोकळी पाण्याने भरली की कोणतेही लाकूड शेवटी तळ गाठते.

उकळताना आतली हवा प्रसरण पावते, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि दोन्ही मिळून नळ्यांच्या तोंडातून बाहेर पडतात. हे डोळ्यांना दिसते. पातेल्यातल्या लाकडाच्या कापलेल्या टोकाकडे थोडा वेळ पाहत राहावे. मोहरीपेक्षाही लहान बुडबुड्यांच्या माळा ठराविक छिद्रांतूनच एकामागून एक सुटत असतात, आणि तासाभराने त्या विरळ होत जातात. आता गॅस बंद केल्यावर काय होते ते महत्त्वाचे आहे. लाकूड थंड होऊ लागते, आतल्या वाफेचे पुन्हा पाणी होते, त्यामुळे आत ओढ निर्माण होते आणि बाहेरचे पाणी त्याच छिद्रांतून आत खेचले जाते. पुष्कळ लोक उकळलेले लाकूड चिमट्याने गरमच बाहेर काढतात, आणि निघालेल्या हवेच्या जागी पुन्हा हवाच भरते. लाकूड त्याच पाण्यात, पूर्ण बुडालेले राहील असे वजन ठेवून, रात्रभर थंड होऊ द्यावे. निम्मे काम या थंड होण्यात होते.

एका वेळी एक ते दोन तास उकळावे, पाणी कमी झाले तर गरम पाणीच घालावे, रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी ते चहासारखे झालेले पाणी ओतून द्यावे. मनगटाएवढ्या जाडीच्या लाकडाला असे तीन-चार वेळा केले की बहुधा पुरते. पातेले स्वयंपाकाचे नसावे. दिवसभर सलग उकळत ठेवण्याचा मोह टाळावा. फार उकळल्याने लाकडाचे तंतू सैल होतात, वरचा थर मऊ पडतो आणि असे लाकूड टाकीत लवकर झिजते.

उकळण्याचा दुसरा लाभ म्हणजे आतले किडे, त्यांची अंडी, गोगलगायी, जळवा आणि बुरशीचे बीजाणू नष्ट होतात. येथे एक आकडा उपयोगी पडेल. देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी खोक्यांमधून कीड पसरू नये म्हणून जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यानुसार लाकडाच्या गाभ्यासकट सर्व भाग किमान ३० मिनिटे सलग ५६ अंश सेल्सिअसवर राहावा लागतो. उकळत्या पाण्याचे तापमान त्याहून पुष्कळ वर असते, पण लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने गाभा तापायला वेळ लागतो. जाड तुकड्याला पंधरा मिनिटांची उकळी का पुरत नाही, ते यावरून लक्षात येईल.

पातेल्यात न मावणारे लाकूड मोठ्या टबात ठेवून त्यावर कढत पाणी ओतावे, ते निवले की पुन्हा ओतावे, आणि असे काही दिवस करून मग साध्या पाण्यात भिजत ठेवावे. प्लास्टिक उकळत्या पाण्याने वाकते, म्हणून टबात आधी थोडे गार पाणी असू द्यावे. मत्स्यालयाच्या काचेच्या टाकीत मात्र कढत पाणी कधीही ओतू नये, काच तडकते. अर्धे बाहेर राहणारे लाकूड पातेल्यात उलटेपालटे करून उकळता येते. प्रेशर कुकर वापरू नये, कारण सुटलेल्या कचऱ्याने त्याची वाफेची वाट बुजू शकते. ओव्हन आणि मायक्रोवेव्हही नकोत; कोरडे लाकूड त्यात पेट घेऊ शकते आणि कोरड्या उष्णतेने पाणी आत शिरण्याचा हेतूही साधत नाही.

नुसते भिजवायचे असेल तर पहिल्या आठवड्यात पाणी रोज बदलावे, नंतर दोन-तीन दिवसांनी. दोन ते चार आठवडे हा मध्यम आकाराच्या लाकडाचा सर्वसाधारण काळ आहे. मी स्वतः उकळून मग दोन आठवडे भिजवतो, आणि टाकी नवी असेल तर भिजवण्याचे शेवटचे दिवस माशांविना चालू असलेल्या टाकीतच घालवतो. नव्या टाकीत उपयुक्त जीवाणू, म्हणजे माशांच्या मलमूत्रातील घातक अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू, वाढायला चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात. तेवढ्या वेळात लाकूडही मुरते आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर ते जीवाणू वस्ती करतात.

प्रश्न: तीन आठवडे भिजवूनही माझे लाकूड तरंगतेच आहे. दगड ठेवून दाबले तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण नुसता दगड वर ठेवू नये. माझ्या स्वतःच्या टाकीत असाच एक फाटा मी दगडाखाली दाबला होता. तळ उकरणाऱ्या माशांनी दगडाखालची वाळू हळूहळू ओढून नेली, रात्री दगड कलला, लाकूड सुटून झपाट्याने वर आले आणि वाटेत हीटरची काच फोडून गेले. सकाळी वीज बंद करून मगच मला पाण्यात हात घालता आला. मासे वाचले, पण तेव्हापासून तरंगणारे लाकूड मी नुसत्या वजनाच्या भरवशावर सोडत नाही.

खात्रीचा उपाय असा. लाकडाच्या तळाला दगडी पाटीचा, म्हणजे स्लेटचा, सपाट तुकडा स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जोडावा. पाटीला आधी भोक पाडून घ्यावे, लाकडातही स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे, म्हणजे ते फाटत नाही. साधा लोखंडी किंवा पितळी स्क्रू वापरू नये; लोखंड गंजते आणि पितळेत तांबे असते, जे कोळंबीला आणि गोगलगायींना घातक आहे. पाटी टाकीच्या तळाशी ठेवून तिच्यावर खडी किंवा वाळू पसरली की जोड दिसतही नाही. स्क्रू नको असेल तर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने लाकूड पाटीला बांधता येते. दगड वापरायचाच असेल तर त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो चुन्याचा दगड आहे आणि पाण्याचा जडपणा वाढवील.

काही महिन्यांनी लाकूड पुरते मुरते आणि पाटी अनावश्यक होते. एवढे लक्षात ठेवावे की बाहेर काढून वाळवलेले लाकूड पुन्हा तरंगते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. टाकी साफ करताना ते पाणी भरलेल्या बादलीतच ठेवावे.

प्रश्न: दोन टोकांच्या काचांमध्ये लाकूड घट्ट अडकवून बसवले तर ते वर येणार नाही, असे मला वाटते. हे योग्य आहे का?

उत्तर: कृपया असे करू नये. दमट हवेत लाकडी दार फुगून चौकटीत कसे अडकते, ते आपण पाहिले असेल. तेथे लाकडाने फक्त हवेतली ओल घेतलेली असते. येथे ते कायमचे पाण्यात राहणार आहे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने काही टक्के फुगते आणि त्या फुगण्याचा जोर काचेला किंवा तिच्या सिलिकॉनच्या सांध्याला सहन होईलच असे नाही. चारही बाजूंनी किमान बोटभर अंतर सोडावे. काच पुसण्यासाठी ते लागतेच, आणि अरुंद फटीत मासा अडकून मरण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

प्रश्न: लाकूड ठेवल्यापासून पाणी चहासारखे तपकिरी झाले आहे. माशांना अपाय होईल का?

उत्तर: हा रंग टॅनिनचा आहे. झाडांच्या सालीत आणि लाकडात असणारे हेच द्रव्य कातडे कमावण्यासाठी पूर्वापार वापरले जाते. माशांना त्याने अपाय होत नाही; कित्येकांना ते मानवते. दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो, म्हणजे शब्दशः ‘काळी नदी’, हिचे पाणी पानांतून आणि लाकडांतून सुटलेल्या अशाच द्रव्यांमुळे गडद दिसते, आणि मत्स्यालयात लोकप्रिय असलेला कार्डिनल टेट्रा तिच्या खोऱ्यात राहतो. अशा माशांचे रंग तपकिरी पाण्यात आणि मंद प्रकाशात जितके खुलतात तितके झगझगीत पारदर्शक पाण्यात खुलत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

तरीही दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पाणी तपकिरी पण आरपार स्वच्छ आहे, की दुधासारखे गढूळ आहे? गढूळपणा टॅनिनचा नसतो. तो पाण्यात एकाएकी वाढलेल्या जीवाणूंचा असतो, आणि लाकडातून साखर किंवा कुजके द्रव्य सुटत असल्याची ती खूण असू शकते. दुसरी गोष्ट पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे या मापाची (आकडा जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी). टॅनिन सौम्य आम्ल आहे आणि ते पीएच खाली ओढते, पण किती ओढते हे पाण्याच्या कार्बोनेट कठीणतेवर, म्हणजे आम्लाला तोंड देणारे क्षार पाण्यात किती आहेत यावर, अवलंबून असते; ही कठीणताही अंशांतच मोजतात. ती चार-पाच अंशांहून अधिक असेल तर पीएच फारसा हलत नाही. ती एखाद्या अंशावर असेल तर मात्र तो घसरू शकतो. पीएच ६ च्या खाली गेला की अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू मंदावतात, म्हणून मृदू पाणी असलेल्यांनी पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा पीएच मोजावा. आफ्रिकेतील मलावी किंवा टांगानिका सरोवरांतील माशांना अल्कधर्मी, जड पाणी लागते. त्यांच्या टाकीत दगडांचीच मांडणी करणे मला अधिक योग्य वाटते.

रंग नकोच असेल तर दर आठवड्याला पाण्याचा चौथा भाग बदलावा आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे रंग व इतर द्रव्ये शोषून घेणारा खास कोळसा, ठेवावा. कार्बनची शोषणशक्ती काही आठवड्यांत संपते, तेव्हा तो बदलावा. टाकीत औषध घालताना तो काढून ठेवावा, कारण तो औषधही शोषून घेतो. तपकिरी पाणी वनस्पतींचा प्रकाश थोडा अडवते, हेही ध्यानात घ्यावे.

प्रश्न: आठवड्याभरात लाकडावर कापसासारखा पांढरा, बुळबुळीत थर आला. लाकूड फेकून द्यावे का?

उत्तर: फेकू नये. लाकडात उरलेल्या साखरेवर जगणाऱ्या बुरशीचा आणि जीवाणूंचा हा थर आहे. नव्या लाकडावर, विशेषतः स्पायडर वुड या नावाने विकल्या जाणाऱ्या फाटेदार लाकडावर, तो हमखास येतो आणि खाद्य संपले की काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. कोळंबी, गोगलगायी आणि ब्रिसलनोजसारखे चोषक मासे तो आवडीने खातात. पाणी बदलण्याच्या दिवशी नळीने ओढून घेतला किंवा लाकूड बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासले की पुरते. थर फार दाट झाला तर तो पाण्यातील प्राणवायू वापरतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले तर हवेचा पंप लावावा. काळे डाग आणि सडक्या अंड्यासारखा वास ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथे लाकूड आतून प्राणवायूविना कुजते आहे, आणि तो भाग कापून टाकणे किंवा ते लाकूडच बदलणे एवढेच उपाय उरतात.

प्रश्न: समुद्रकिनाऱ्यावर मिळालेले लाकूड गोड्या पाण्याच्या टाकीत वापरता येईल का?

उत्तर: येईल, पण त्याला सर्वांत जास्त सबुरी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि महिनोन्महिने त्यात राहिलेल्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ते पोहोचलेले असतात. पृष्ठभाग धुतल्याने ते जात नाहीत. लाकूड गोड्या पाण्यात बुडवून दर दोन दिवसांनी पाणी बदलत राहावे; कित्येक आठवडे लागतील.

क्षार संपले हे जिभेने ठरवू नये. साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण, हे काम नेमकेपणाने करतो. नळाच्या पाण्याचे मोजमाप टिपून ठेवावे, त्याच पाण्यात लाकूड ४८ तास ठेवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा बराच चढला तर क्षार अजून सुटत आहेत. दोन्ही आकडे लागोपाठ दोन-तीन वेळा जवळजवळ सारखे आले, की लाकूड तयार झाले. मी या नोंदी वहीत तारखेसह ठेवतो. उतरत जाणारे आकडे पाहिले की वाट पाहणे सोपे जाते.

अशा लाकडात पेन्सिल जाईल एवढी गोल भोके आढळली तर ती बहुधा जहाजकिड्याची असतात. नाव किडा असले तरी तो शिंपल्याच्या वर्गातला मृदुकाय प्राणी आहे. भोके रिकामी असतील तर ती शोभाच वाढवतात. फक्त आतली वाळू व मृत अवशेष पाण्याच्या जोरदार धारेने काढून टाकावेत. मात्र धक्क्याचे खांब, नावेच्या फळ्या, रंगाचे अवशेष किंवा खिळे असलेले तुकडे, तसेच हिरवट झाक असलेले लाकूड घेऊ नये. खाऱ्या पाण्यात टिकावे म्हणून त्यांना क्रिओसोट (लाकूड टिकवणारे डांबरी तेल) किंवा तांबे व आर्सेनिक असलेली द्रव्ये पाजलेली असू शकतात, आणि कितीही उकळले तरी ती पूर्ण निघतील याची हमी देता येत नाही.

प्रश्न: ब्लीचच्या पाण्यात रात्रभर ठेवले की लाकूड निर्जंतुक होते आणि उकळण्याचा त्रास वाचतो, असे एका अनुभवी मित्राने सांगितले. आपले मत काय?

उत्तर: आपल्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण मी हा मार्ग सुचवणार नाही. काच किंवा गुळगुळीत दगड ब्लीचने धुतला तर नंतर तो खळखळून स्वच्छ करता येतो. लाकूड सच्छिद्र असते. रात्रभरात ब्लीच जितके आत जाईल तितके आतून बाहेर काढावे लागेल, आणि राहिलेला अंश माशांच्या कल्ल्यांना जाळतो. शिवाय ब्लीचने हवा निघत नाही, टॅनिन निघत नाही; म्हणजे पुढचा भिजवण्याचा वेळ द्यावाच लागतो.

लाकूड आधीच ब्लीचमध्ये घातले असेल, तर काही दिवस पाणी बदलत भिजवावे, त्या पाण्यात क्लोरीन काढणारे द्रावण घालावे, मग उन्हात पूर्ण वाळू द्यावे आणि पुन्हा भिजवून क्लोरीनच्या चाचणीपट्टीवर शून्य येईपर्यंत थांबावे. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. उकळताना पाण्यात मीठ घालण्याचा सल्लाही काही जण देतात. उकळत्या पाण्याला त्या मदतीची गरज नसते, आणि घातलेले मीठ पुन्हा काढत बसावे लागते.

प्रश्न: ओळखीच्या एका गृहस्थांनी टाकी बंद केली आणि जुने लाकूड मला दिले. ते तसेच वापरता येईल का?

उत्तर: त्यांचे मासे कशाने गेले आणि टाकीत कोणती औषधे वापरली होती, हे आधी विचारावे. निरोगी, चालू टाकीतून ओले लाकूड थेट आपल्या टाकीत आणले तर त्यावरचे उपयुक्त जीवाणूही सोबत येतात, आणि हा मोठाच लाभ आहे. आजाराची शंका असेल तर तो लाभ सोडून ते उकळावे. तांबे असलेले औषध वापरले असेल तर ते लाकूड कोळंबीच्या टाकीत ठेवू नये.

प्रश्न: लाकडावर झाडे लावायची आहेत. ती आधी लावावीत की लाकूड टाकीत मुरल्यावर?

उत्तर: पांढरा थर येऊन गेल्यावर लावावीत. आधी लावली तर तो थर पानांवर चढतो, आणि तो घासताना नाजूक मुळे तुटतात. अनुबियास, जावा फर्न आणि बुसेफॅलँड्रा ही झाडे लाकडावर उत्तम धरतात, कारण त्यांचे आडवे खोड उघडेच राहावे लागते. ते वाळूत पुरले तर कुजते. आडवे खोड लाकडाच्या खाचेत बसवून सुती दोऱ्याने दोन-तीन वेढे द्यावेत, किंवा सायनोॲक्रिलेट गोंदाचा, म्हणजे सुपरग्लूचा, जेल प्रकार वापरून एक-दोन थेंबांनी चिकटवावे. गोंद लावण्यापूर्वी लाकडाचा तेवढा भाग कापडाने टिपून घ्यावा आणि पाने ओल्या फडक्याखाली ठेवावीत. शेवाळ, म्हणजे जावा मॉस, बारीक कातरून पातळ थरात पसरावे. जाड झुपका बांधला तर खालचा भाग प्रकाशाविना पिवळा पडतो. दोरा आवळताना खोडावर वळ उमटेल इतका ओढू नये. सहा ते आठ आठवड्यांनी पान हलकेच ओढून पाहावे. खोड हलत नसेल, तर मुळांनी लाकूड धरले आहे आणि दोरा कापून काढता येईल.